दहा डबे माती

॥ श्री ॥

न्यूकॅसल, इंग्लंड
दि. २९ सप्टेंबर १९७४

ती. सौ. अक्कास,
कृष्णातचा सा. न. वि. वि.

इकडे क्षेम आहे, असे दर पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायची सवय लागली आहे. आज ती ओळ जरा बाजूला ठेवतो. गेल्या वर्षी याच तारखेला मी इथे उतरलो. दादाने मिरज स्टेशनात गळ्यात घातलेला हार मुंबईपर्यंत सुकला होता, तरी मी तो विमानतळावर टाकला नाही, पिशवीत घालून आणला. इथल्या अधिकाऱ्याने तो दोन बोटांत धरून टोपलीत टाकला. वर्षाची सुरुवात अशी झाली.

वर्ष कसे गेले म्हणशील, तर बाटल्या धुण्यात गेले. खरेच सांगतो. मीठ मोजायचे तर काचेचे प्रत्येक भांडे तीन पाण्यांनी धुवावे लागते, नाहीतर आपल्याच बोटांचे मीठ आकड्यात येते. घरी मी कधी जेवलेली पितळी उचलून ठेवली नव्हती, आता आईने पाहिले तर राहीवैनीला म्हणेल, बघ, शिकून शिकून पोरगं भांडी घासायला लागलं. दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखतो आणि रात्री आठवू लागलो तर कोणाशी काही बोलल्यासारखे वाटत नाही. हवापाणी हा इथला रामराम आहे, तो घालून माणसे पुढे निघून जातात. माझी घरमालकीण भली बाई आहे, पण आंघोळीचे गरम पाणी बुधवारी आणि रविवारी. जानेवारी-फेब्रुवारीत तर वीज वाचवायची म्हणून सरकारने कारखानेसुद्धा आठवड्याला तीन दिवसांवर आणले होते. त्या दिवसांत मी प्रयोगशाळेत कोट, मफलर आणि त्यावर आबांची लष्करातली घोंगडी पांघरून बसत असे. हे मी घरी, कुंडलला, लिहिले नव्हते. आता एकदम लिहितो आहे, कारण थकलो आहे.

आता मुद्दा. तुला माझे काम मी कधी नीट सांगितले नाही. शाळेत तू 'भाऊ विलायतेत मातीवर शिकतो' एवढ्यावर भागवत असशील. आपला ओढ्याकडचा दीड एकर तुला ठाऊक आहे. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि दहा-बारा वर्षांत जमिनीतून मीठ वर फुटले. निघण्यापूर्वी दादाने आणि मी त्याच्या कडेने छातीइतका खोल चर खणला आणि रानात जिप्समची पोती विस्कटली. चराने पाणी निघून जाईल, त्याबरोबर मीठ उतरेल. ते किती दिवसांत किती उतरते हे मोजायचे, तोच माझा पीएच.डी.चा विषय. म्हणून दादा दर महिन्याला ठरलेल्या जागेवरची हातभर खोलीची माती काढतो, चार दिवस माळवदावर आडोशाच्या सावलीत वाळवतो, चहाच्या डब्यात भरतो आणि मी दिलेला परवान्याचा कागद चिकटवून मिरजेहून विमानाच्या टपालाने पाठवतो. पहिला डबा मी स्वतः आणला होता. त्यानंतर त्याचे दहा आले. एकही महिना चुकला नाही. मे महिन्यात रेल्वेचा संप होता तेव्हाचा डबासुद्धा जुलैत का होईना पोचला.

माझ्या डब्यात मीठच मीठ होते. दादाच्या पहिल्या डब्यापासून ते जवळजवळ नाहीसे झाले. तीन वर्षे लागतील असे आम्ही धरले होते, ते दोन महिन्यांत. आमचे प्रोफेसर हरखले, मला चारचौघांत शाबासकी दिली, मी चाळीस पानांचा अहवाल लिहिला. आता ते म्हणतात, बारा वर्षे आजारी असलेले शेत दोन महिन्यांत उठून बसते हे माझ्या गळी उतरत नाही. अकरा डिसेंबरला चौघांच्या समितीपुढे माझ्या पहिल्या वर्षाची तपासणी आहे. तीत पास झालो तर पीएच.डी. पुढे चालेल. नाही झालो तर खालची एक पदवी हातात देऊन परत पाठवतात.

दादाला विचारणे मला जमत नाही. नेमून दिल्या जागीच खणतोस ना, असे मी विचारले तर त्याच्यावर संशय घेतल्यासारखे होईल. तेव्हा तू घटाला कुंडलला जाशीलच, तर एकदा ओढ्याकडे जाऊन ये. तिथे ऊस कसा उभा आहे एवढे डोळ्यांनी बघ आणि कळव. बाकी कोणाला काही बोलू नकोस.

दाजींना नमस्कार. पत्राला उशीर लागला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
कृष्णात


सातारा
दि. २० ऑक्टोबर १९७४

चि. कृष्णात यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र मुलींच्या चाचणीच्या गठ्ठ्यावर येऊन पडले. दोनदा वाचले. घोंगडीचे वाचून वाईट वाटले, आणि तू भांडी घासतोस हे वाचून तुझे दाजी इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी स्वतःची बशी स्वतः विसळली.

बुधवारी घट होते. मी मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने किर्लोस्करवाडीला उतरले, दादा बैलगाडी घेऊन आला होता. बुधवारी सकाळी लवकर, कोणाला न सांगता, एकटीच ओढ्याकडे गेले. आता मन घट्ट करून वाच. ऊस नाही. गुडघ्याएवढी पिवळी पाती इथेतिथे उभी आहेत आणि बाकीच्या रानात पापुद्रे आलेले पांढरे मीठ आहे. मागच्या संक्रांतीला पाहिले होते त्यापेक्षा कमी नाही. चर मात्र दादाने चांगला राखला आहे, त्यात पाणीही वाहते आहे. तुझी खुंटी रोवलेली आहे, तिच्याशेजारी ताजा खड्डा आहे. म्हणजे दादा सांगितल्या जागीच खणतो. त्याच्याबद्दल शंका नको.

डोके चालेना म्हणून घरी आले. आई सोप्यात बसून पिठाच्या चाळणीने घटाची माती चाळत होती. थोरल्या पट्टीतली, म्हणजे मीठ न फुटलेल्या रानातली माती, तुला ठाऊक आहे, घटाला आपल्याकडे तीच लागते. वैनी पत्रावळीवर धान्य मांडत होती. आणि आईच्या मांडीशी तुझा चहाचा डबा होता. चाळलेल्या मातीतली चार ओंजळी तिने घटाला ठेवली, आणि मग तोच डबा पुढे ओढून त्यात भरू लागली. मी म्हटले, हे काय? ती म्हणाली, कृष्णाचा डबा. माळवदावर दादाने वाळत घातलेली माती कुठे आहे, असे विचारले, तर वैनी खाली मान घालून म्हणाली की ती आत्या, म्हणजे आपली आईच, परड्यात टाकतात. दर महिन्याला.

मी आईजवळ बसले आणि रागावल्यासारखे अजिबात न दाखवता विचारले. तू निघण्याच्या आदल्या दिवशी दादाला अंगणात समजावत होतास. आईच्या कानावर पडले ते एवढेच, की घरची माती महिन्याच्या महिन्याला पाठवायची. तिला त्यात काही नवल वाटले नाही. आबा लढाईत ब्रह्मदेशात गेले तेव्हा आजीने आपल्या लेकाला घटाची माती फडक्यात बांधून दिली होती. परमुलखाचे पाणी बाधू नये म्हणून ते तांब्यात चिमूटभर टाकायचे, गाळ बसला की वरचे पाणी प्यायचे. गावातले सात जण गेले होते, तिघे आले, त्यात आबा. तुला वाटले असेल आईला विज्ञान कळत नाही. तिला तिच्यापुरते सगळे कळले होते. दादाने मिठाची माती वाळत घातलेली पाहून तिला दादाचाच राग आला होता. मला म्हणाली, "प्वाटात जायाची माती ती. खारी कशी दिऊ? आकारामाला अक्कल न्हाई, मला तरी हाय."

तर असे आहे. दहा डबे थोरल्या पट्टीचे आहेत. पिठाच्या चाळणीने चाळलेले, खडा नाही, काडी नाही.

आईला मी काही सांगितले नाही. मला धीर झाला नाही. ती इतकी निवांत दिसत होती, डब्याचे झाकण घट्ट बसवून वरून दोरी बांधत होती, आणि ते झाल्यावर तिने डबा देवापुढे टेकवला. दादाला मात्र रानात गाठून सांगितले. तो बांधावर बसला. मग उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

आता तुझ्या समितीपुढे काय सांगायचे ते तूच ठरव. मला त्यातले कळत नाही. रागावू नकोस असे लिहिणार होते, पण रागाव, फक्त जेवणावर काढू नकोस. आणि अक्काची आठवण फक्त कामापुरती ठेवू नकोस.

तुझी,
अक्का


न्यूकॅसल
दि. ३१ ऑक्टोबर १९७४

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. काय लिहू? एका वर्षाचे आकडे, चाळीस पाने, सगळे थोरल्या पट्टीचे. ज्या रानाला कधी काही झालेच नाही ते दोन महिन्यांत बरे झाले असे मी साऱ्या विभागाला पटवून दिले. आईने माझे वर्ष चाळणीतून परड्यात टाकले. हे वाक्य लिहून मला बरे वाटत नाही, पण खोडणारही नाही.

मी परत यायचे ठरवले आहे. समितीपुढे जाणार नाही. प्रकृतीचे कारण लिहून देतो, खालची पदवी मिळते ती घेतो. कोल्हापूरला शेतकी कॉलेजात माझ्या ओळखीचे लालासाहेब आहेत, ते मागेच म्हणाले होते की शिकवायला माणूस हवा आहे. दर शनिवारी घरी येता येईल. खरे सांगू का, हा विचार मनात आल्यापासून चार रात्री झोप लागली. इथला हिवाळा पुन्हा सुरू होतो आहे. चार वाजता अंधार पडतो. आणखी दोन वर्षे याच खोलीत काढायची होती, ती आता काढायची नाहीत, एवढाच विचार करतो आणि पडतो.

तू दादाला सांग की मी येतो आहे. त्याने मला परत कष्ट करून डबे पाठवू नयेत. आईला यातले काही कळू देऊ नका. तिने प्रेमानेच केले, तिचा दोष नाही, पण झाले ते तिच्यामुळे झाले हे तर खरे आहे. मी आलो की म्हणू, शिक्षण संपले. तिला कोण सांगणार आहे पीएच.डी. किती वर्षांची असते?

जास्त लिहवत नाही. माझ्या या पत्राचा राग आला तर तो माझ्यावरच ठेव.

तुझा,
कृष्णात


सातारा
दि. १९ नोव्हेंबर १९७४

चि. कृष्णात यास अक्काचे आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र घेऊनच दिवाळीला कुंडलला गेले. भाऊबीजेला दादाला ओवाळले, तुझ्या नावाने सुपारी ओवाळली, आणि नंतर दादाला पत्र वाचून दाखवले. त्याने दोनदा वाचायला लावले. "झाले ते तिच्यामुळे झाले" इथे आल्यावर त्याने हात वर केला, म्हणजे थांब. मग उठला, सरळ चुलीपुढे गेला आणि आईला सगळे सांगितले. मी अडवणार होते. तो म्हणाला, "अक्का, तिच्या नावावर तो येणार, आन तिलाच ठावं न्हाई, ह्ये मला चालणार न्हाई."

आई रडेल असे मला वाटले होते. रडली नाही. भाकरी तव्यावर करपली तरी उलटली नाही, वैनीने उलटली. मग तिने एकच विचारले, "मग त्याचं वरीस गेलं म्हणायचं?" दादा हो म्हणाला. रात्री ती जेवली नाही. सकाळी मला परड्यात बोलावून म्हणाली की, लिही त्याला. ते तिच्याच शब्दांत लिहिते, मी काही घातलेले नाही. "साहेबाला सांग म्हणावं, माझी आई अडाणी हाय, तिनं माती बदलली. माझा काय बी दोष न्हाई. पायजे तर माझा अंगठा घ्या आन कागुद लावून द्या." आणि खरोखरच तिने कोऱ्या कागदावर शाईचा अंगठा उठवून दिला आहे. तो सोबत घातला आहे. वर काय लिहायचे ते तू लिही.

कृष्णात, मी तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे. तुझे दात पडताना पाहिले आहेत. म्हणून रागाने नाही पण स्पष्ट लिहिते. तू थकला आहेस, तुला यायचे आहे. ते सरळ म्हण. थकलेल्या माणसाला कोणी उंबऱ्यावर अडवत नाही. पण तुला यायचे होते आणि आईची चूक आयती सापडली, असे मला तुझ्या पत्रात दिसते. चार रात्री झोप लागली म्हणतोस, ती काय वर्ष गेल्याच्या दुःखाने लागली? वर्षभर तू आम्हाला 'सर्व क्षेम' लिहीत राहिलास. तीही माती चाळलेलीच होती, बाबा. हाताची घडी घालून वर्गात गप्प बसणारी मुलगी मला लगेच ओळखू येते, तूच कसा ओळखू आला नाहीस, याचे मलाच वाईट वाटते.

दादाने स्वतः चार ओळी लिहिल्या आहेत. त्याने लेखणी धरल्याला तीन-चार वर्षे झाली असतील. दोन कागद फाडले, तिसरा पाठवते. यावे की न यावे, उत्तर मात्र लवकर दे. घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत, तू पाठ फिरवलीस तरी.

तुझी,
अक्का

(सोबत आकारामचे पत्र)

चि. कृष्णा यास दादाचा आशीर्वाद.

मला लांब लिवता येत न्हाई. तुझ्या खुंटीपाशी मी दर महिन्याला खणलं, त्यात कसूर न्हाई. माळवदावर काय व्हतंय ते मी बघितलं न्हाई ही माझी चूक. औंदा ओढ्याकडचं मीठ वरच्या पट्टीला टेकलंय. शेजारच्या भाऊसोच्या रानात बी फुटलंय. आपलं दीड एकर म्हणू नको, सगळ्या ओढ्याचं हाय आता. लोक मला इचारत्यात, तुजा भाऊ काय म्हणतो. मी म्हणतो, मोजतोय.

यायचं तर ये. घर तुझं हाय. आर्धी भाकरी हाय. पण आईच्या नावावर येऊ नको.

आनि एक इचारतो. आबांनी आपल्या दोघास्नी ल्हानपणी रान जिभंला लावून वळखायला शिकवलं. डोळे झाकून तू सांगत व्हतास, ही ओढ्याकडची, ही थोरल्या पट्टीची. दहा डबे तुझ्या हातात आले. तू एक डाव बी जिभंला लावलं न्हाईस का? मला उत्तर दिलं न्हाईस तरी चालंल.

दादा


न्यूकॅसल
दि. १५ डिसेंबर १९७४

ती. गं. भा. आईच्या चरणी कृष्णातचे मस्तक.

अक्का, हे पत्र कुंडलला जाऊन आईला आणि दादाला दोघांना बसवून वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस. आईला वाईट वाटेल म्हणून सोपे करू नकोस.

आई, बुधवारी समितीपुढे गेलो. एका लांब टेबलामागे तीन पुरुष आणि एक बाई. मी आधी सांगितले की दहा डब्यांतली माती दुसऱ्याच शेताची निघाली, माझा अहवाल खोटा ठरला, तो मी परत घेतो. एवढे बोलायलाच मला बराच वेळ लागला. मग त्यातल्या बाईंनी विचारले, हे कसे झाले, आणि इतके दिवस तुमच्या लक्षात कसे आले नाही?

तू दिलेले वाक्य माझ्याकडे तयार होते. मी त्याचे इंग्रजी करून ठेवले होते. सकाळी दाढी करताना आरशापुढे चार वेळा म्हणून पाहिले होते. माझी आई निरक्षर आहे, तिने प्रेमापोटी माती बदलली, मला काही ठाऊक नव्हते. तुझ्या अंगठ्याचा कागद कोटाच्या खिशात होता. त्यांनी मानले असते. त्यांना माझी दयाही आली असती, तशी ती बाई दयाळूच दिसत होती. मी तोंड उघडले ते हेच बोलायला.

पण मला ठाऊक होते, आई. दादा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

जानेवारीत मला ताप आला होता. वीज नव्हती, खोली गार होती, बोलायला कोणी नव्हते. प्रयोगशाळेतून उरलेली चिमूटभर माती मी कागदात बांधून खोलीवर आणली होती. तसे करायला इथे मनाई आहे. त्या दिवशी ती मी बोटाने जिभेला लावली. घरची आठवण आली म्हणून लावली, दुसरे काही कारण नव्हते. आणि लावताक्षणी कळले. खारटपणाचा लेश नाही, आणि ती थोरल्या पट्टीची चव. डोळे झाकायचीही गरज पडली नाही. ओढ्याकडची माती चार महिन्यांत अशी होत नसते, हे कुंडलच्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितले असते. कुठेतरी घोटाळा झाला आहे हे मला तिथेच, त्या कॉटवर बसल्या बसल्या कळले.

मी कागदाची पुडी परत बांधली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन वहीत आकडा लिहिला.

का लिहिला ते समितीने विचारले. मी सांगितले ते असे. आदल्याच आठवड्यात प्रोफेसरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मला दुपारच्या चहाला आपल्या टेबलावर बोलावले होते. चार महिन्यांत त्या विभागात माझे नाव कोणाला नीट घेता येत नव्हते, त्या आठवड्यापासून येऊ लागले. मला वाटले, एक डबा चुकून आला असेल, पुढचा बरोबर येईल. पुढचाही तसाच आला. मग मी पुन्हा कधी जिभेला लावून पाहिली नाही. आठ महिने नुसते यंत्राला विचारत राहिलो, कारण यंत्र जे सांगत होते ते मला हवे होते. अक्काला मी ऊस बघायला पाठवले ते खरे म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने हे उघडे करावे म्हणून. आणि उघडे झाल्यावर मी तुझे नाव घेतले.

एवढे बोलून झाल्यावर मी खाली बसलो. परवानगी न घेताच बसलो. मला बाहेर थांबायला सांगितले. पाऊण तासाने बोलावून निकाल सांगितला. गेलेले वर्ष धरले जाणार नाही. चूक मी स्वतः सांगितली म्हणून काढून टाकत नाहीत, पण जानेवारीपासून पहिल्या डब्यापासून सुरुवात करायची, आणि पुढच्या डिसेंबरला पुन्हा याच टेबलापुढे यायचे. शेवटच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीची हमी कोणी देत नाही. प्रोफेसर माझ्याशी तेव्हापासून कामापुरतेच बोलतात. चहाच्या टेबलावर मी आता जात नाही. परदेशी माती काम संपल्यावर भट्टीत भाजून टाकावी असा इथे नियम आहे, म्हणून काल मी दहाही डबे स्वतः नेऊन भाजले.

घरी परत जाणार का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. थकवा गेला म्हणून नाही म्हणालो असे समजू नका. थकवा आहे तसाच आहे. उद्या सकाळी उठून बाटल्या धुवायच्या आहेत, या विचारानेच हात गळतात. अक्का म्हणते ते खरे आहे, मला यायचे होते, अजूनही येते मनात. पण दादा लोकांना 'मोजतोय' म्हणून सांगतो आहे आणि मी वर्षभर काहीच मोजलेले नाही, ते आधी करायला हवे.

दादा, जानेवारीचा डबा लवकर पाठव. आई, डब्याचे झाकण तूच बसव आणि दोरी तूच बांध. आत मात्र दादाने खणलेली राहू दे, खडे-काड्यांसकट, पांढरी आहे तशी. तुझा अंगठ्याचा कागद मी त्यांना दिला नाही. तो माझ्याजवळच राहील.

म्हणजे ठरल्याप्रमाणे शहात्तरच्या दिवाळीला मी येणार नाही. निभावले तर सत्त्याहत्तरच्या. गावात कोणी विचारले की कृष्णात का लांबला, तर शिक्षण अवघड आहे, साहेब मायेने सोडत नाहीत, असले काही सांगू नका. त्याने एक वर्ष खोटे काम केले, ते त्याला पुन्हा करायचे आहे, असेच सांगा. भाऊसोलाही तेच सांगा.

दोन वेळा जेवत जा. रागावली असशील तर राग पत्राने कळव, अक्का लिहील.

तुझा,
कृष्णात